सोनवणे बाई आणि टीव्हीतली म्हातारी

सोनवणे बाई कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की नाव विचारायच्या आधी म्हणायच्या, "हात दाखवा बघू." समोरच्याला वाटायचं, बाई भविष्य बघतात. लोक खुशीत तळहात पुढे करायचे. बाई रेषांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या बोटांनी चाचपून घट्टे शोधायच्या. कातडी कुठे जाड झालीय, कुठल्या पेरावर खाच पडलीय, नखांच्या कडा कशाने काळ्या झाल्यात. मग सांगायच्या, "हापशावर पानी तू भरतीस, आई न्हाई." किंवा, "कांदा काटून आलीस ना सकाळी?" मुलगी तोंडाचा आ करून बघत राहायची. बाई म्हणायच्या, "तोंड कायबी सांगतं गं. हात न्हाई सांगत."

दौंडच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा नव्वदचं दशक अर्धं उलटलं होतं. मी तिथे गणित शिकवायचे. माझी जरा ओळख करून देते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला सोपं जाईल. पस्तिशीची, खळ घातलेल्या सुती साडीची, पुण्याहून लग्न होऊन दौंडला आलेली आणि हे दिवसातून तीनदा सांगणारी अशी मी होते. मुलगी 'न्हाई' म्हणाली की तिला 'नाही' म्हणायला लावल्याशिवाय खाली बसू देत नसे. व्हिडिओ गेममुळे मेंदूला गंज चढतो, हे मी नववीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं. आकृती मेंदूची होती. मुलींनी ती फ्लॉवरचा गड्डा समजून वहीत उतरवून घेतली.

तर पहिल्याच दिवशी सोनवणे बाईंनी स्टाफरूममध्ये माझा हात मागितला. मी ऐटीत उजवा पुढे केला. त्यांनी खडूने कोरडी पडलेली दोन बोटं बघितली आणि म्हणाल्या, "आता डावा." डाव्या अंगठ्याच्या पोटावर वाटाण्याएवढा फोड होता.

"हा कशाचा?"

"पोळ्या लाटताना आला."

"डाव्या हातानं लाटता? आन् ते बी अंगठ्याच्या पोटानं?"

बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, हात सोडला आणि म्हणाल्या, "बरं." ते 'बरं' मला आठवडाभर टोचत होतं.

कारण तो फोड व्हिडिओ गेमचा होता. माझ्या दिराने मुंबईहून आमच्या लेकीसाठी, मंजूसाठी, एक सेट आणला होता. टीव्हीला जोडायचा, वरच्या खाचेत कॅसेट बसवायची, हातात रिमोट घ्यायचा आणि डाव्या अंगठ्याने खेळाडू पळवायचा. मंजूला पंधरा दिवसांत कंटाळा आला. मला आला नाही. ह्यांची कुरकुंभला कंपनीत दुसरी पाळी असली की मी शाळेतून येऊन मंजूला शेजारी खेळायला पाठवायचे, दाराला कडी लावायचे, कॅसेटमध्ये फुंकर मारायचे आणि बसायचे.

कॅसेट सॉफ्टबॉलची होती. बॅट, बॉल, चार कोपऱ्यांना चार बेस, मारलं की पळत सुटायचं आणि चौथ्या बेसवर, म्हणजे होमवर, पोचलं की एक रन. तिघं आऊट झाले की डाव संपला. अक्षरं सगळी जपानी, त्यामुळे नियम कुणी सांगायला नव्हतं. ते मी त्रैराशिक मांडल्यासारखे शोधून काढले होते. खेळाडू मात्र असे, की ज्याने ते बनवले त्याची दृष्ट काढावी. एक पोट सुटलेला पोस्टमन होता. एकाला ऐन झेल घेताना शिंक यायची. आणि एक अंबाडा घातलेली म्हातारी होती. ती बॉल छान मारायची, पण पळताना तिसऱ्या बेसच्या अलीकडे तिचा अंबाडा सुटून घरंगळायचा. ती तो उचलायला मागे वळायची आणि हमखास आऊट व्हायची. मी तिला कधीच संघात घेत नसे.

त्याच सुमारास शाळेत कुठल्याशा योजनेतून सॉफ्टबॉलचं सामान आलं आणि पाठोपाठ शिरूरला मुलींच्या शाळांचे सामने असल्याचं पत्र. हेडसरांनी स्टाफरूममध्ये पोतं सोडलं. आतून बॅटी निघाल्या, बॉल निघाले आणि नऊ चामडी मोजे निघाले. सरांनी एकेक घालून बघितला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "सगळे डाव्या हाताचे! उजव्या हाताचा एक नाही. तक्रारीचं पत्र लिहा."

माझ्या तोंडून निसटलं, "सर, तो डाव्याच हातात घालतात. उजव्याने बॉल फेकायचा असतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "तुम्हाला हो कसं माहीत?" सरांनी विचारलं.

"वाचलंय कुठेतरी."

सोनवणे बाई कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की आपला निकाल लागला.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ती सांगायला मला आजही जड जातं, म्हणून पटकन सांगून टाकते. बाई आल्यानंतर महिन्याभरातच मी हेडसरांना अर्ज दिला होता, की दहावीचा निकाल सुधारायचा असेल तर मुलींचा खेळाचा तास गणिताला द्यावा. बाईंची नेमणूक त्या तासांपुरतीच होती. तास गेला की बाईही जाणार, हे मला ठाऊक होतं. शिरूरचं पत्र आल्यावर सर म्हणाले होते, "शिरूरला काय दिवे लावतात ते बघू आणि ठरवू."

तर पोतं सुटलं त्याच संध्याकाळी आमच्या दारावर थाप पडली. मी टीव्ही बंद करायला धावले.

"कुलकर्णी बाई, बंद नका करू," बाहेरून आवाज आला. "टिंगटिंग भायेर ऐकू येती. मी सोनवणे."

दार उघडलं. बाई हातात वही घेऊन उभ्या होत्या. "मला सॉफ्टबॉल येत न्हाई. खो-खो येतो, कबड्डी येती, लांब उडी येती. ह्यातलं कायबी कळत न्हाई. मला शिकवा."

मी खूप अवघडून म्हटलं, "मी सरांना अर्ज दिलाय, तुम्हाला कळलंय ना?"

"व्हय. सरांनी वाचून दाखिवला. अक्षर लई सुरेख हाय तुमचं."

"मग?"

"मग काय? अर्ज बी तुमचा, गेम बी तुमचाच. दौंडात दुसऱ्या कुणाकडं जाऊ?"

असं म्हणून त्या चपला काढून आत आल्या आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसल्या. शाळेत कुणाला सांगेन, असं त्यांनी एकदाही सुचवलं नाही. सुचवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान रागावता आलं असतं.

तीन आठवडे त्या येत होत्या. मी खेळायचे, त्या वहीत लिहायच्या. मग त्या रिमोट घ्यायच्या आणि अख्ख्या अंगाने खेळायच्या. टीव्हीतला खेळाडू डावीकडे वळला की बाई डावीकडे कलायच्या, तो घसरला की ह्याही सतरंजीवर घसरायच्या. पिचर हात खालून गर्रकन फिरवून बॉल टाकायचा, ते त्यांनी उठून उभं राहून इतक्या वेळा करून बघितलं, की आमच्या शोकेसमधली बाहुली फुटली. आणि दर वेळी संघ निवडताना त्या पहिल्यांदा म्हातारीवर बोट ठेवायच्या.

"अहो, ती आऊटच होते," मी म्हणायचे. "वेणीवाली घ्या."

"टीममधी हाय म्हंजी खेळंल. बसवून ठेवायला घेतलीया का तिला?"

म्हातारी पळायची, अंबाडा घरंगळायचा, म्हातारी आऊट. बाई मांडीवर थाप मारून हसायच्या. "आजे, केसाचा नाद सोड की गं!" आणि पुढच्या डावात पुन्हा म्हातारीच.

एकदा मी त्यांच्या बोलण्याबद्दल टोकलं. "तुम्ही शिक्षिका आहात. मुलींसमोर 'न्हाई' काय म्हणता?"

त्या रिमोटवरून नजर न काढता म्हणाल्या, "बाई, मी न्हाई म्हनलं तरी बॉल खालीच पडतो, आन् तुमी नाही म्हनला तरी खालीच पडतो. झेलायचं तेवढं बघू."

त्या वहीत एक नियम मी स्वतः लाल शाईने लिहून दिला होता. टीव्हीत पिचरने हात फिरवायला सुरुवात केली, की बेसवरचा खेळाडू पुढच्या बेसकडे पळत सुटला तरी चालायचं. मी लिहिलं: 'हात फिरू लागताच पळावे.' खाली दोन रेघा ओढल्या.

बाईंनी पेन्सिल गालाला टेकवून विचारलं, "खऱ्यात बी असंच असंल का हो?"

"टीव्हीत दाखवलंय म्हणजे नियमातच असणार," मी म्हटलं. "एवढा गेम बनवणारे काय वेडे असतात?"

बाई माझ्या शिक्षणाला मान देत. त्यांनी पुढे विचारलं नाही.

संघ त्यांनी हात बघूनच निवडला. मैदान रेल्वे लाइनीला लागून होतं. मालगाडी आली की पन्नास डबे जाईपर्यंत सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, कारण हाक ऐकू यायची नाही. बेस म्हणून खताची रिकामी पोती माती भरून शिवली होती. कल्पना नावाची एक अबोल मुलगी होती. तिच्या उजव्या हाताच्या एका बोटावर बाईंना दोरीची खाच सापडली. "गोफन फिरिवती का गं?" कल्पनाने मान हलवली. शेतात ज्वारीला कणसं लागली की सुट्टीभर माळ्यावर उभं राहून पाखरं हाकलायचं काम तिचं होतं. "मग पिचर तूच. दगडाऐवजी बॉल, आन् वरनं न्हाई, खालनं." चार दिवसांत ती असा बॉल टाकायला लागली, की समोर उभं राहायला मुली घाबरायच्या.

संघातली नववी मुलगी होती सुशी. गोल, घामाघूम, दोन पावलं पळाली की दम लागणारी. मी म्हटलं, "बाई, ही नको. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे." पहिल्यांदाच त्या माझ्यावर जरा चिडल्या. "हात बघितला का तिचा? घरी रोज दोन पायल्या धुणं आपटती ती. बॅट धरंल तवा बघा. आन् नोकरी माजी हाय, तिला कशाला भ्या दाखवू?"

धुणं पायलीने मोजत नाहीत, हे सांगायचं मी पहिल्यांदाच गिळून टाकलं.

शिरूरला आम्ही एसटीने गेलो. हेडसर सोबत होते. मैदानाभोवती चार शाळांच्या मुली आणि बरेच बघे जमले होते. आमची बॅटिंग पहिली. उषाने बॉल मारला आणि पहिल्या बेसवर जाऊन उभी राहिली. समोरच्या पिचरने पुढच्या बॉलसाठी हात फिरवायला घेतला आणि उषा शिकवल्याप्रमाणे सुसाट सुटली. अंपायरने शिट्टी मारली. आऊट. दुसरी मुलगी बेसवर पोचली, पळाली, आऊट. तिसरीही तशीच. अंपायर, एक काटकुळा गृहस्थ, त्याला कळेना की ह्या मुली मुद्दाम करतात की काय. लोक पोट धरून हसत होते. आमच्या मुली एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

मी घोडनदीच्या दिशेने बघत उभी राहिले, जणू तिकडे काहीतरी फार महत्त्वाचं चाललं होतं.

सोनवणे बाई सरळ अंपायरकडे चालत गेल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, आमाला शिकवायला कुनी न्हाई. मी टीव्हीवरच्या गेममधनं शिकले आन् पोरींना शिकिवलं. कुठं चुकलं ते एकडाव सांगा. दुसऱ्यांदा चुकनार न्हाई."

मैदानावर मोठा हशा झाला. अंपायर मात्र हसला नाही. त्याने सांगितलं, की पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत पाय बेसवरून उचलायचा नाही. बाईंनी मान डोलावली, मुलींना गोळा केलं आणि म्हणाल्या, "माजं चुकलं. चुकीचं मी शिकिवलं. आता बॉल सुटला की पाय सोडायचा, त्याच्या आदी न्हाई. कळलं? चला."

माझं नाव नाही, लाल शाई नाही, दोन रेघा नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग कल्पनाने बॉल टाकायला घेतला आणि हसणारे गप्प झाले. मुली जीव तोडून खेळल्या. अगदी शेवटच्या डावात आम्ही एका रनाने मागे होतो, दोघी आऊट झाल्या होत्या आणि बॅट घेऊन उभी राहिली सुशी. तिने धुणं आपटावं तसा बॉल आपटला. तो पार कडेच्या बाभळीपर्यंत गेला. सुशी पहिला बेस ओलांडून, दुसरा ओलांडून धापा टाकत निघाली. होमवर पोचली की बरोबरी. आणि तिसऱ्या बेसच्या अलीकडे तिच्या एका पायातला बूट निघाला. तो थोरल्या बहिणीचा होता, मापाला मोठा. सुशी थांबली. मागे वळली. बूट उचलला. तेवढ्यात बॉल आला.

मी डोळ्यांवर हात घेतला. मला मैदानावर अंबाडा घरंगळताना दिसत होता.

हात काढला तेव्हा सोनवणे बाई तिसऱ्या बेसपाशी मातीत बसून सुशीच्या पायात बूट चढवत होत्या. सुशी हमसून हमसून रडत होती. "बाई, बूट ताईचा हाय. हरवला असता तर..." बाई नाडी बांधत म्हणाल्या, "व्हय की. बूट काय रोज रोज मिळतो? मारलास किती लांब ते बघ आदी."

परतीच्या एसटीत हेडसर माझ्या पुढच्या बाकावर होते. ते मागे वळून म्हणाले, "चला कुलकर्णी बाई, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून तास तुमचा." हे त्यांनी हळू सांगितलं नाही. बाई पुढे मुलींमध्ये बसल्या होत्या. त्यांची मान जराशी खाली गेली. बाकी काही नाही.

मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी उभी राहिले आहे, पण चालत्या एसटीत दांडीला धरून उभी राहिले तशी कुठेच नाही. "सर, माझा अर्ज मी मागे घेते. आणि आज जो नियम चुकला तो बाईंनी नाही, मी सांगितला होता. लाल शाईने लिहून दिला होता. तो गेम माझ्या घरचा आहे. मंजूचा नाही, माझा. रोज खेळते मी. दोन-दोन तास."

नववीतल्या कुणीतरी मागून बारीक आवाजात विचारलं, "बाई, मंग मेंदूला गंज?"

आधी कंडक्टर हसला. मग अख्खी गाडी. सुशीसुद्धा रडता रडता हसली. सोनवणे बाई वळून म्हणाल्या, "दोन तास? मला वाटलं, एकच."

दौंड जवळ आल्यावर हेडसर म्हणाले, "नियम माहीत नसताना एका रनाने हरल्या. पुढच्या वर्षी नियम माहीत करून घ्या म्हणावं." तास राहिला. बाईही राहिल्या. पुढच्या वर्षी शिरूरला आम्ही जिंकलो. गुणफलक मी लिहीत होते आणि 'ही नको' म्हटल्याच्या जुन्या हिशेबासाठी त्यावर 'सुशी' हे नाव जरा मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

त्यानंतर दहा-बारा वर्षं बाईंनी मुली घडवल्या. मग त्या आजारी पडल्या. शेवटचं भेटायला गेले तेव्हा खाटेवर अगदी एवढ्याशा दिसत होत्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी शिरूरच्या पहिल्या संघाचा फोटो, जिंकलेला नव्हे, हरलेला. मी बसायच्या आधीच म्हणाल्या, "हात दाखवा." मी आपण होऊनच डावा दिला. त्यांनी अंगठा चाचपला.

"मऊ पडला की हो. खेळत न्हाई?"

"कॅसेट चालत नाही आता."

"फुकर मारली?"

"मारली."

"मंग परत मारा." जरा दम घेऊन त्यांनी विचारलं, "म्हातारी गेली का होमला?"

"नाही हो."

"तिला बसवू नका," त्या म्हणाल्या, आणि माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

त्यांना शेवटचा निरोप द्यायला दौंडात कुठून कुठून बायका आल्या होत्या. कुणी पोलिसात, कुणी रांजणगावच्या कंपनीत, कुणी शेतातून तशीच उठून. सुशी पोराला कडेवर घेऊन आली होती. काही सुचेना, म्हणून मी एकेकीचा हात हातात घेऊन उलटा करून बघत होते. कल्पनाच्या बोटावरची खाच अजून होती. ती डोळे पुसत म्हणाली, "बाई, गणित तपासताय व्हय?"

घरी येऊन मी माळ्यावरचा सेट खाली काढला. कॅसेटच्या पट्टीवर खोडरबर घासलं, फुंकर मारली, परत मारली. जुना टीव्ही आम्ही टाकला नव्हता. टिंगटिंग सुरू झालं.

आता माझा स्वतःचाच अंबाडा पांढरा झालाय आणि रोज सुटतोही. परवा नात शाळेतून लवकर आली. दाराची कडी काढायला मला वेळ लागला. तिने माझा हात धरला आणि अंगठ्याकडे बघत विचारलं, "आजी, हा फोड कशाचा?"

"पोळ्या लाटताना आला."

"डाव्या हाताने?"

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, हात सोडला आणि म्हणाली, "बरं."

मी तिला सतरंजीवर जागा करून दिली आणि दुसरा रिमोट तिच्या हातात दिला. "कुणीही घे," मी म्हटलं, "पण म्हातारीला बसवायची न्हाई."